एक दर, चौदा जागा

माझी रूम पार्टनर हिंजवडीत बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळते. मूळची कोल्हापूरची, त्यामुळे नवरात्रात घरी जाणं हा तिच्यासाठी चर्चेचा विषयच नाही. पण २०२५ची घटस्थापना तिनं ऑफिसच्या कॅन्टीनमधून, आईच्या व्हिडिओ कॉलवर बघितली. कारण? जीएसटी!

३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं जाहीर केलं, की १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतल्या बहुतेक वस्तू आता ५ किंवा १८ टक्क्यांत येणार. अंमल २२ तारखेपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेला. तुम्ही-आम्ही शाम्पू स्वस्त झाला म्हणून खूष, आणि ही बया रात्र-रात्र कोडमध्ये टक्के शोधतेय. कारण कराचा दर तब्बल चौदा ठिकाणी लिहून ठेवलेला. बिलात, कोटेशनमध्ये, रिपोर्टात... एकानं लिहिलं, पुढच्यानं कॉपी-पेस्ट केलं.

‘‘अगं, मग एकाच जागी ठेवायचा ना!’’ मी आपलं पत्रकारी शहाणपण पाजळलं.

‘‘दोन वर्षं तेच सांगतेय बॉसला. तो म्हणतो, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’’

ती जे मागत होती त्याचं नाव भारदस्त आहे, सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर. पण प्रकरण मिसळीच्या हॉटेलासारखं. आपण काउंटरवर कूपन देतो, प्लेट येते. आत आचारी बदलला की शेगडी, आपल्याला काय त्याचं! तसंच कराचं खातं वेगळं काढायचं. बाकीच्यांनी फक्त विचारायचं : वस्तू कोणती, विक्रीची तारीख काय, माल कुठून कुठे चाललाय? उत्तरात दर मिळेल. तारीख महत्त्वाची बरं का, कारण २२ तारखेआधी विकलेला माल नंतर परत आला, तर क्रेडिट नोटवर जुनाच दर लागतो. चौदा जागी नुसता नवा आकडा टाकणारा इथंच फसतो.

ही आयडिया नवी अजिबात नाही. स्टीव्ह येगी या अॅमेझॉनच्या माजी इंजिनिअरनं २०११ मध्ये लिहिलं, की २००२च्या सुमारास जेफ बेझॉसनं फर्मानच काढलं होतं. प्रत्येक टीमनं आपली माहिती सर्व्हिसमधूनच द्यायची, दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये परस्पर डोकवायचं नाही. न ऐकणाऱ्याला नारळ!

म्हणून लगेच सगळ्याचेच तुकडे पाडायचे का? तर नाही. प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी नेटवर्कवरून बोलतो. तो उशिरा बोलला किंवा बोललाच नाही तर गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळतं. त्याच अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओनं २०२३ मध्ये सांगितलं, की व्हिडिओचा दर्जा तपासणाऱ्या एका यंत्रणेचे तुकडे पुन्हा एकत्र केल्यावर तिचा खर्च ९० टक्क्यांनी घटला. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला तर एक एक्सेल शीट पुरते, उगाच आर्किटेक्ट कशाला?

दसऱ्यानंतर तिनं बॉसपुढे कागद ठेवला. त्यावर एकोणीस दिवसांत टीमनं जादा बसून घातलेले तास, दुसरं काही नाही. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘दोन माणसं, दोन महिने. पण सगळी सिस्टिम फोडून हवी.’’

‘‘सगळी नाही, सर. फक्त कराचं खातं. बाकीचं पाच वर्षांत बदललेलंच नाही.’’

रात्री मला हे सांगताना तिचा दुसरा हात फोनवर होता. दिवाळीचं कोल्हापूरचं तिकीट काढत होती.