‘एचार’ शिकण्याचे दिवस

नव्वदच्या दशकात पुण्यात स्पॅनिश शिकणारे आम्ही ‘एचार’ या क्रियापदाशी महिनोन्‌महिने झटलो. मूळ अर्थ टाकणे, फेकणे. रूपं सरळ चालणारी: एचो, एचास, एचा. केंद्रिस यांच्या ‘५०१ स्पॅनिश व्हर्ब्ज’मध्ये एका क्रियापदाला एक पान आणि त्यात चौदा काळ. ते पान आम्ही वहीत उतरवून काढायचो. पण आमटीत मीठ घातलं तरी एचार, कुणाला हातभार लावला तरी एचार, दुपारी जरा आडवं झालं तरी एचार. हे त्या तक्त्यातून कळायचं कसं?

आता शब्द फोनवर लिहिला की उच्चारासकट अर्थ समोर येतो. स्पेनच्या राजअकादमीचा कोश, २०१४ ची तेविसावी आवृत्ती, कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतो. आम्हाला तो पाहायला मिळाला असता तर आम्ही कितीतरी पुढे गेलो असतो, यात शंका नाही.

आमची भिस्त इंग्रजीवरून आलेल्या खिशातल्या कोशावर. त्यात चार अर्थ, पाचवा हवा असेल तर पुढच्या तासापर्यंत थांबायचं. पण आम्हाला शिकवणाऱ्या बाईंकडे मारिया मोलिनेर यांच्या कोशाचे दोन्ही खंड होते. ग्रंथपाल असलेल्या मोलिनेर यांनी जवळजवळ पंधरा वर्षं नोकरी सांभाळून घरी बसून तो रचला आणि १९६६-६७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शब्दाचा नुसता अर्थ नव्हे, तो वापरायचा कसा हे सांगणारा. बाई तो टेबलावर उघडायच्या, आम्ही भोवती वाकायचो, आणि ‘एचार’ची लांबलचक नोंद बोट ठेवून वाचली जायची. पत्र पेटीत टाकण्यालाही एचारच, हे कळल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आपणही पत्र टाकतोच की! इंग्रजीच्या आडवाटेने जाण्यात आपल्याच भाषेतली जवळची वाट राहून गेली होती.

मग ‘एचार दे मेनोस’: कुणावाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटणं. यातलं एचार टाकण्याचं नव्हेच. पोर्तुगीजमधल्या ‘सापडणे’ या अर्थाच्या ‘अशार’चं हे बदललेलं रूप, मोजताना कुणीतरी कमी भरणं, हा मूळ भाव. त्या संध्याकाळी वर्ग वेळेवर सुटला नाही.

आजची मुलं आमच्यापेक्षा लवकर आणि शुद्ध बोलतात, याचा मनापासून आनंद आहे. पण फोन विचारलेला तेवढाच अर्थ देतो, आणि शेजारचे अर्थ न भेटताच राहतात. एका नोंदीवर सात-आठ डोकी वाकणं संपलं, त्याची हळहळ वाटते.

तुम्ही स्पॅनिश शिकत असाल तर एवढं करा: अकादमीच्या कोशात ‘एचार’ काढा आणि नोंद शेवटपर्यंत वाचा. जमलं तर कुणाला तरी शेजारी घेऊन, मोठ्याने.