पोवळ्यांचे रंग आणि पहिला कॅमेरा

पोवळे म्हटले की आपल्या घरांतून प्रथम आठवते ती आजीच्या पेटीतील मोत्या-पोवळ्यांची माळ, किंवा मंगळासाठी घातलेली अंगठी. दागिन्यातले ते लाल पोवळे खोल, अंधाऱ्या समुद्रातले. उथळ, उबदार पाण्यात खडकांचे बांध घालणारी प्रवाळे ही त्याचीच दूरची भावंडे. परंतु त्यांचे रंग माळेत ओवता येत नाहीत. जीव गेला की रंगही जातो आणि हाती उरतो तो पांढरा चुना. या जाणाऱ्या रंगांची नीट नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न माझ्यासमोर उतारवयात आला आणि तोही बडोद्यापासून फार दूर.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे न्यू जर्सीत सहा महिने राहिलो. तेथे नातवाने सव्वादोनशे लिटरच्या काचपेटीत खाऱ्या पाण्याचा एक लहानसा समुद्र सांभाळला आहे. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार, पंचवीस-सव्वीस अंश तापमान, लाटांसाठी दोन लहान पंप आणि वर निळसर प्रकाशाचे एलईडी दिवे. आत विदूषक माशांची जोडी आणि प्रवाळांच्या दहा-बारा जाती. ही प्रवाळे समुद्रातून खुडलेली नव्हेत. दुसऱ्यांच्या पेट्यांत वाढलेल्या वसाहतींचे ते तुकडे. आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती समुद्रातून काढणे वा बाळगणे हा गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी बडोद्यात किंवा इंदुरात तशी पेटी मांडण्याच्या खटपटीस लागू नये, एवढे आधीच सांगून ठेवतो.

नातवाला कॅमेरा हवा होता. शेजाऱ्यांची हिरवळ कापून त्याने अडीचशे डॉलर साठवले होते आणि त्याच्या आईचे म्हणणे असे, की हातात चांगला फोन असताना हा खर्च कशाला? तिचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. आजचे फोन सुरेख छायाचित्रे घेतात. परंतु या पेटीसमोर फोन धरला की सारे चित्र शाईत बुडवल्यासारखे निळे येई. कारण उघड आहे. प्रवाळांच्या दिव्यांचा भर ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशावर असतो. घरातील दिवे वा बाहेरचे ऊन यांच्यासाठी घडवलेला फोनचा स्वयंचलित रंगसमतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, तेथे थकतो. भिंगावर नारिंगी काच लावली की निळा ओसरतो आणि चित्र सुसह्य होते. तरीही एक अडचण राहते. फोन प्रत्येक वेळी नव्याने ठरवतो की पांढरे कशाला म्हणायचे. आजचे चित्र आणि पुढच्या रविवारचे चित्र शेजारी ठेवली, तर बदल प्रवाळात झाला की फोनच्या मतात, हे सांगता येत नाही.

माझी तीस वर्षे एका प्रयोगशाळेत नोंदवह्या लिहिण्यात गेली. मापाची पट्टी रोज बदलत असेल तर मोजणे व्यर्थ, हे तेथे अंगवळणी पडलेले. म्हणून मी नातवाला म्हणालो, "तुला हवा तो कॅमेरा सुंदर चित्र काढणारा असो वा नसो, एकदा ठरवले की ते न बदलणारा असला पाहिजे." अडीचशे डॉलरांत काय बसते याचा शोध आम्ही या एकाच कसोटीने घेतला.

पहिला पर्याय खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांचा. त्यांपैकी काही वस्तूच्या अगदी एक सेंटिमीटर जवळ जाऊन चित्र घेतात, ही मोठी जाहिरातीची बाब. पण आमचे प्रवाळ काचेमागे दहा-पंधरा सेंटिमीटरवर होते. तेथे ती जवळीक काय कामाची? नवे मिररलेस कॅमेरे आमच्या रकमेत बसत नव्हते. उरला तिसरा पर्याय, वापरलेल्या डीएसएलआरचा. कंपन्या मिररलेसकडे वळल्यामुळे हे जुने कॅमेरे फार उतरत्या भावात मिळू लागले आहेत. आम्हाला मिळाला तो २०१४ साली आलेला, अठरा मेगापिक्सेलचा कॅनन. आपल्याकडे तो '१२००डी' या नावाने विकला जात असे. सोबत १८-५५ मिलिमीटरचे नेहमीचे भिंग. हे भिंग सुमारे पाव मीटर अंतरावरून वस्तू स्पष्ट टिपते, म्हणजे काचेबाहेर उभे राहून आतील प्रवाळापर्यंत पोहोचते. प्रवाळाचे एकेक तोंड मोठे करून पाहायचे तर साठ मिलिमीटरचे मॅक्रो भिंग हवे. ते पुढे केव्हातरी घ्यावे असे ठरले.

वापरलेला कॅमेरा घेताना दोन परीक्षा अवश्य कराव्यात. भिंग उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, हे पाहावे; आपल्या पावसाळी हवेत तर ही खबरदारी अधिकच. मग अ‍ॅपर्चर अगदी लहान करून पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे. सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके उमटतात. या वर्गातील कॅमेऱ्यांत प्रकाशाचे तापमान केल्विनच्या आकड्यात भरण्याची सोय बहुधा नसते. परंतु पांढरी वस्तू दाखवून 'हे पांढरे' असे शिकवता येते. शिवाय रॉ स्वरूपात चित्र साठवले की रंगाचा निवाडा नंतर संगणकावर शांतपणे करता येतो. आमच्या कामास या दोन गोष्टी पुरेशा होत्या.

चित्र घेण्याचा विधी नातवाने स्वतः बसवला. दर रविवारी सकाळी काचेवरचे शेवाळ पुसायचे, पंप दहा मिनिटे बंद करायचे, खोलीतले दिवे मालवायचे. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंग काचेला अगदी काटकोनात. तिरके धरले की काच आणि पाणी मिळून चित्र फाकवतात व कडांना रंगीत झालर लावतात. पेटीचे दिवे पांढऱ्या प्रकाशावर आणून प्रवाळाच्या खोलीवर एक पांढरे प्लॅस्टिकचे कार्ड धरायचे आणि कॅमेऱ्याला दाखवायचे. मग अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ ८००, शटर साठांश सेकंद. सारे हाताने ठरवलेले आणि दर रविवारी तेच. मासे टिपायचे असतील तर शटर दोनशेव्या भागापर्यंत न्यावे लागे. ते निराळे प्रकरण.

या विधीत त्याने मला एकदा पेचात टाकले. "आजोबा, निळ्या दिव्यात हे हिरवे चमकते आणि पांढऱ्यात तपकिरी दिसते. मग याचा खरा रंग कोणता?" प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. अनेक प्रवाळांच्या अंगी अशी प्रथिने असतात, की ती निळा प्रकाश पिऊन हिरवा वा केशरी प्रकाश बाहेर टाकतात. अशा हिरव्या प्रथिनाचा शोध ओसामू शिमोमुरा यांना १९६२ मध्ये एका जेलीफिशमध्ये लागला आणि त्यासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना दोघांसमवेत मिळाले. तपकिरी छटा मात्र प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाची. ते शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसते. मी त्याला सांगितले, की दोन्ही रंग खरेच आहेत. निळ्यात त्याची शोभा दिसते, पांढऱ्यात त्याची प्रकृती. भिंतीवर लावायला पहिले घे, वहीत लावायला दुसरे.

त्या वहीची परीक्षा लवकरच झाली. माँटिपोरा नावाचे ताटलीसारखे पसरणारे प्रवाळ त्याचे सर्वांत लाडके. ते फिकट होत आहे असे त्याला वाटू लागले. आई म्हणे, "अरे, दिव्यामुळे तसे दिसते." एरवी हा वाद मिटता ना. आम्ही आठ रविवारांची आठ चित्रे एका ओळीत मांडली. पांढरे कार्ड आठही चित्रांत सारखेच पांढरे होते. ताटलीच्या बुडाची पांढरी रेघ मात्र आठवड्यागणिक वर सरकली होती. खालून जिवंत आवरण सोलले जाऊन सांगाडा उघडा पडत होता. पाण्याची क्षारीयता मोजली तर साडेआठ अंशांची सहावर आली होती. प्रवाळे वाढली, त्यांची भूक वाढली आणि रोजची मात्रा जुनीच राहिली. ती हळूहळू वाढवली. वरची जिवंत कड कापून दुसऱ्या दगडावर चिकटवली. अर्धे गेले, अर्धे राहिले. आम्ही निघालो तेव्हा त्या तुकड्याने नवी कड धरली होती.

समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. तेथे मात्र कड कापून दुसरीकडे चिकटवणारे हात फार थोडे. पाणी तापले की प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. १९९८ मध्ये अशा विरंजनाने लक्षद्वीपची प्रवाळे होरपळली. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या चौथ्या विरंजनाची घोषणा केली. क्वीन्सलँड विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या 'कोरलवॉच' या उपक्रमात सामान्य माणसेही एक रंगतक्ता प्रवाळाशेजारी धरून त्याची छटा नोंदवतात. आमच्या पांढऱ्या कार्डाचाच हा थोरला भाऊ.

बडोद्याच्या वाचकांना यात एक घरची आठवणही सापडेल. ओखामंडळ हा गायकवाडी मुलूख. तेथील सागरी जीवांची पाहणी बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करवून घेतली आणि त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच किनाऱ्यालगत, कच्छच्या आखातात, १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर वनखात्याच्या परवानगीने मी एकदा गेलो होतो. ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालताना पायाशी जिवंत प्रवाळे दिसली. रंग मंद, गढूळ पाण्यातले. त्यांचे एकही विश्वासार्ह चित्र माझ्याजवळ नाही, कारण त्या दिवशी बरोबर कॅमेराच नव्हता.

म्हणून, ज्यांच्या घरी कोणी मूल पहिला कॅमेरा मागत असेल त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मेगापिक्सेलच्या आकड्यापाशी फार रेंगाळू नये. प्रकाश, रंग आणि वेळ हाताने ठरवता येतात का, तेवढे पाहावे. वापरलेला असला तरी चालेल. मासे असोत, कुंडीतली जास्वंद असो वा गच्चीवरून दिसणारा पिंपळ असो, एकच वस्तू एकाच जागेवरून वर्षभर टिपायला सांगावे. नातवाची वही आता दुसऱ्या वर्षात आहे. मॅक्रो भिंगासाठी हिरवळ कापणे सुरूच आहे आणि त्याच्या आईने यंदा त्यात आपली भर घालण्याचे कबूल केले आहे.