एकांत हवा होता, बेट मिळालं... आणि गर्दीही!

सगळं सोडून कुठेतरी लांब निघून जायचं. फोन बंद, मेल बंद, बॉस बंद! सोमवारी सकाळी लोकलमध्ये लटकताना हे स्वप्न कुणाला पडत नाही? पाचव्या शतकात मामिलियानो नावाच्या एका माणसाने ते चक्क अमलात आणलं. आणि हा काही साधा कारकून नव्हता. सिसिलीतल्या पलेर्मोचा बिशप होता!

सुरुवात मात्र त्याच्या मर्जीने झाली नाही. व्हँडल टोळ्यांचा राजा गेन्सेरिक याच्या माणसांनी त्याला पकडून आफ्रिकेत नेलं, असं परंपरा सांगते. पण सुटका झाल्यावर हा पठ्ठ्या परत खुर्चीवर जाऊन बसला नाही. आधी सार्डिनिया आणि मग थेट तोस्कानाच्या समुद्रातलं एक ओसाड, खडकाळ बेट. आख्यायिकेनुसार तिथे त्याने एक ड्रॅगन मारला, गुहेत मुक्काम ठोकला आणि बेटाला नाव दिलं ख्रिस्ताचा डोंगर, माँतेक्रिस्तो. हो हो, अलेक्झांदर द्युमाच्या काउंटचं तेच ते बेट!

पण खरी गंमत पुढे आहे. तो गेला तेव्हा बेटावरून धुराचा लोट उठला म्हणे. तो बघून आसपासच्या बेटांवरून होड्या सुटल्या आणि जन्मभर एकांत शोधणाऱ्या या माणसाच्या देहासाठी अक्षरशः ओढाताण झाली. त्यात जिल्यो बेटाच्या वाट्याला आला एक हात.

तो हात बघायला मी १५ सप्टेंबरला, म्हणजे त्याच्या सणाच्या दिवशी, जिल्योला पोहोचले. पोर्तो सांतो स्तेफानोहून फेरीने साधारण तासभर. बंदरावर रंगीत घरं, आइस्क्रीम, गॉगल... एकदम हॉलिडे मूड! तिथून बस वळणं घेत कास्तेल्लोला चढते. चारशे मीटर उंचीवरचं तटबंदीतलं गाव. इथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळावं. सान पिएत्रो चर्चमध्ये चांदीच्या आवरणात ते हाड जपून ठेवलंय. आणि सणाला बाहेर काय असतं, तर गाढवांची शर्यत! माझ्यासमोरच एक गाढव मध्येच ठाण मांडून बसलं, तेव्हा अख्खं गाव त्याला सल्ले देत होतं. सोबत अंजीर-अक्रोडाचा घट्ट पानफिकातो आणि अन्सोनाको ही इथली सोनेरी वाइन. (दुसरा ग्लास जपून. चढ-उतार फार आहेत!)

खरं सांगू? आधी मला हे सगळं जरा विचित्रच वाटलं. बिचाऱ्याला माणसं नको होती आणि यांनी त्याच्या नावाने जत्रा भरवली. पण त्याच चर्चमध्ये काही जुन्या तलवारी आणि पिस्तुलं दिसली आणि उलगडा झाला. १५४४ मध्ये बार्बारोसाच्या आरमाराने हे बेट लुटलं आणि सुमारे ७०० माणसं गुलाम म्हणून पळवून नेली. पुढची अडीचशे वर्षं क्षितिजावर शीड दिसलं की पोटात गोळा. १८ नोव्हेंबर १७९९ ला ट्युनिसचे चाचे पुन्हा चालून आले. या वेळी गावाने त्यांना परतवून लावलं. ही शस्त्रं त्यांनीच मागे टाकलेली! विजयाचं श्रेय गावाने दिलं मामिलियानोला. म्हणून १८ नोव्हेंबरलाही त्याचा सण असतो. समुद्रातून काय येईल याचा भरवसा नसलेल्या लोकांना तो हात म्हणजे घरातला वडीलधारा वाटत असणार.

खाली बंदरावरच्या चर्चलाही संत लोरेन्झोबरोबर याचंच नाव आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्ता कॉन्कॉर्डिया हे जहाज इथेच खडकावर आपटलं. जहाजावर चार हजारांहून जास्त माणसं होती, त्यातली ३२ दगावली. थंडीने काकडत किनाऱ्याला लागलेल्यांसाठी बेटावरच्यांनी घरं उघडली आणि हे चर्चही.

जाता जाता खजिन्याचं! माँतेक्रिस्तोवर संताचा खजिना पुरलाय, ही अफवा शतकानुशतकं चालत आली. लोकांनी तिथे खणून खणून पाहिलं. आणि २००४ मध्ये सोन्याची ४९८ नाणी सापडली कुठे? मुख्य भूमीवर, सोवाना गावातल्या सान मामिलियानो चर्चच्या जमिनीखाली! नाणी त्याच्याच शतकातली आहेत. तिथेच ती आता म्युझियममध्ये बघता येतात.

माँतेक्रिस्तो मात्र मला कास्तेल्लोच्या तटावरूनच दिसलं. धुरकट निळा त्रिकोण. १५५३ मध्ये चाच्यांनी तिथला मठ उद्ध्वस्त केला. १९७१ पासून ते राखीव निसर्गक्षेत्र आहे. जायचं तर खूप आधी नाव नोंदवा, कारण वर्षाला जेमतेम दोनेक हजार लोकांनाच सोडतात. गाइडबरोबर ठरलेल्या वाटेने चालायचं, पोहायचं नाही आणि संध्याकाळच्या आत परत बोटीत. मुक्काम नाही!