मायचा पेला

माय नांदगाव पेठेत आमच्याजवळच राहते. मधुमेहाच्या दोन गोळ्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बारा वर्षांपासून चालू. गेल्या साली तिला विसर पडू लागला. नातवाला माझ्या नावाने हाक मारायची. शेजारी म्हणाले, कारल्याचा रस द्या, गुडमारचा पाला द्या. साखर उतरते, डोकंही ताजं राहतं. मी रोज पेलाभर रस देऊ लागलो. डॉक्टरांना सांगितलं नाही.

एका सकाळी ती फाट्यावर घामाघूम उभी. "बापू, माह्यं घर कोनतं गा?" दवाखान्यात साखर निघाली ४८.

कारलं साखर उतरवतं, हे खोटं नाही. पण वर गोळी असली की साखर फार उतरू शकते, आणि मेंदू तर साखरेवरच चालतो. रक्त तपासलं तर बी-१२ ही कमी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने तसं होऊ शकतं, त्यानेही विसर पडतो. गंमत अशी, की मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झाडात. १९५७ साली डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पण गोळीत मात्रा मोजलेली असते, माझ्या पेल्यात नव्हती.

डॉक्टरांनी गोळी कमी केली, बी-१२ ची इंजेक्शनं दिली. आता नातवाचं नाव बरोबर घेते. दूध मात्र अजून कधीकधी उतू जातं.