ओल

महाड-पोलादपूरच्या मुलुखात पावसाळा आधी आकाशातून येतो आणि मग भिंतींत मुक्कामाला राहतो. जूनच्या अखेरीस कपाटातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट लव उगवते, चामड्याच्या वहाणा पांढऱ्या पडतात, धुतलेले कपडे चार-चार दिवस दांडीवर ओलेच राहतात. महाबळेश्वराच्या माथ्यावरून उतरणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि तिथे गांधारीला कवेत घेते. या दोन नद्यांच्या सोबतीने राहणाऱ्या माणसाला बुरशीचे नवल वाटत नाही. मलाही वाटत नसे.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री महाडच्या घराघरांत शिरली. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींखाली माणसे गाडली गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही जे काही करता येईल ते करीत होतो. गुडघाभर चिखल उपसणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, कमरेला नि जांघेत गजकर्ण उठले. मदतीच्या खोक्यांतून धान्य, चादरी आणि औषधे आली होती. त्यांत त्वचेच्या मलमाच्या काही नळ्या होत्या. माझ्याच पायांना ते मलम लावून पाहिले, तर दोन दिवसांत खाज थांबली. मग मी मोठ्या उत्साहाने त्या नळ्या वाटल्या.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला राहणारा एक तरुण शेतकरी त्यांतलाच. लावणीच्या दिवसांत अंगावरचे ओले कपडे अंगावरच वाळवणारा. महिनाभराने तो आला, तेव्हा कमरेवरचे रुपयाएवढे चकंदळ पोटभर पसरले होते. घरात बायकोला आणि कडेवरच्या मुलालाही लागण झाली होती. माझ्याही पायांची खाज दुप्पट होऊन परतली होती. आम्ही दोघे एकाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळीवरची बारीक अक्षरे वाचली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘फादर, यात स्टिरॉइड आहे. लाली आणि खाज म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांची आरोळी. या मलमाने बुरशी मेली नाही, पहारेकरी तेवढे झोपले.’’

परतताना एस.टी.त माझ्या तोंडून शब्द फुटेना. अखेर मी म्हणालो, ‘‘चूक माझी झाली. मला माफ कर.’’ त्याने ते जणू ऐकलेच नाही. खिडकीबाहेर पाहत त्याने विचारले, ‘‘फादर, करोनाची सुई निघाली, मग ह्या बुरशीची का न्हाय निघत?’’

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले; या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. पण ज्याच्या अंगावर माझे अज्ञान पसरले होते, त्याला उत्तर देणे मला भाग होते. मी वाचू लागलो.

वाचता वाचता एक विलक्षण योग सापडला. शरीरातील पांढऱ्या पेशी आगंतुकाला गिळतात, हे प्रथम ओळखणारे शास्त्रज्ञ म्हणजे एली मेचनिकॉफ. १८८४ साली त्यांनी पाण्यातल्या पिसवांचा एक रोग वर्णिला. यीस्ट जातीच्या बुरशीचे सुईसारखे बीजाणू त्या इवल्या जिवाच्या आतड्यातून आरपार घुसतात, आणि पेशी त्यांना वेढून फस्त करतात. पेशी जिंकल्या तर पिसू जगते, हरल्या तर मरते. म्हणजे पेशींच्या पहाऱ्याचा हा सिद्धान्त बुरशीच्याच रोगावर पारखला गेला. याच मेचनिकॉफांचे शिष्य वाल्डेमार हाफकिन. प्लेगने मुंबई ओस पडत असताना, १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव मिरवते. गुरूने बुरशीशी झुंजणाऱ्या पेशी पाहिल्या, शिष्याने आपल्या भूमीला लस दिली. परंतु या दोन वाटा माणसाच्या बाबतीत अद्याप एकत्र आलेल्या नाहीत. माणसासाठी मान्यता मिळालेली बुरशीविरोधी लस आजतागायत एकही नाही.

कारणे उमगत गेली. जिवाणूपेक्षा बुरशी आपल्या अधिक जवळची आहे. तिच्या पेशीला आपल्यासारखेच केंद्रक असते. म्हणून तिला मारील आणि आपल्याला अपाय करणार नाही असे औषध दुर्मीळ. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये तिथल्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले गेले, ही आपल्या महाराष्ट्राची कमाई; पण अशी नावे जगभरातही मोजकीच. शिवाय निसर्गाने आपल्याला मुळातच भक्कम तटबंदी दिली आहे. कातडी आहे, पांढऱ्या पेशी आहेत, आणि देहाची ऊब आहे. सदतीस अंशांच्या उबेत बहुतेक बुरशींचा टिकावच लागत नाही. त्यामुळे जिवावर बेतते ते प्रामुख्याने तटबंदी ढासळलेल्यांच्या. २०२१ साली ‘काळी बुरशी’ म्हणून ज्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे आणि जबडे नेले, त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता, आणि करोनासाठी स्टिरॉइड दिलेले होते. ते औषध योग्य वेळी, योग्य मात्रेत प्राण वाचवते. अवेळी वा अति झाले की पहारा उठवते. माझ्या हातातली नळी त्याच जातीची होती. आणि लशीची खरी अडचण इथेच आहे : लस पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख पटवते, पण जिला लशीची निकड, त्याच देहात पहारेकरी दुबळे असतात.

तरीही प्रयत्न थांबलेले नाहीत. कँडिडा या बुरशीच्या एका प्रथिनावर आधारलेली लस स्त्रियांना टोचून पाहण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चाळिशीच्या आतील स्त्रियांना तिचा काहीसा लाभ दिसला. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात एकाच लशीने तीन प्रकारच्या बुरशी रोखण्याचा प्रयोग उंदरांवर आणि माकडांवर झाला. प्रतिकारशक्ती दडपलेल्या प्राण्यांनाही तिने संरक्षण दिल्याचे २०२२ साली जाहीर झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक अशा एकोणीस बुरशींची यादी प्रथमच तयार केली.

हे सारे मी त्या तरुणाला त्याच्या पडवीत बसून सांगितले. गुरांच्या गजकर्णावर मात्र सोव्हिएत रशियात गेल्या शतकातच लस निघाली आणि नॉर्वेसारख्या देशात तिने तो रोग जवळजवळ हटवला, हेही सांगितले. तो गोठ्यातल्या बैलाकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, ‘‘म्हंजे ह्याचं नशीब आपल्यापरीस मोठं!’’ मीही हसलो. त्या हसण्यात त्याने मला केव्हाच माफ केले होते, हे मला उशिरा कळले.

त्या कुटुंबाला पूर्ण बरे व्हायला कित्येक महिने लागले. घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध घेतले, कपडे कढत पाण्यातून काढून उन्हात वाळवले, प्रत्येकाचा पंचा वेगळा झाला, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टरांनी सांगेपर्यंत उपचार चालू राहिले. लस येईपर्यंत आपल्या हाती एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

उरलेल्या नळ्या मी डॉक्टरांच्या स्वाधीन केल्या. आता पावसाळ्यात कुणी बाही वर सारून डाग दाखवला, तर मी कपाट उघडत नाही. दवाखान्यापर्यंतचे एस.टी.चे भाडे त्याच्या हातावर ठेवतो, आणि सवड असली तर त्याच्या शेजारी जाऊन बसतो.