खोलीला दोन डावे कोपरे

मे २०२५. मी कैरीच्या फोडी करत बसले होते तेव्हा भाचीचा फोन आला. "मावशी, शनिवारी कर्वेनगरला ये. आमच्यात एक जण कमी पडतोय. पाच कोटी देते खर्चायला."

प्रो कबड्डीच्या खेळाडूंचा खरा लिलाव मुंबईत ३१ मे आणि १ जूनला होता. त्याआधी ही मंडळी घरी खोटा लिलाव मांडतात. खेळाडू खरे, पैसे खोटे. सहा जण, सहा संघ, आणि माझ्या वाट्याला आपली पुणेरी पलटण. मी लगेच हो म्हटलं. लेखा विभागात एकतीस वर्षं काढलेली बाई मी. कुणाच्या पगारातून चुकून कापले गेलेले सात रुपये शोधायला दोन दिवस घालवलेत. पाच कोटींत वीस-पंचवीस माणसं बसवायची, यात अवघड ते काय? कबड्डी मला अजिबात कळत नाही, ही किरकोळ बाब होती. आजोळी तिला हुतुतू म्हणायचे, एवढं आठवत होतं.

भाचीने नियमांचा कागद पाठवला. 'सॅलरी पर्स' म्हणजे पगाराची पिशवी: पाच कोटी. मालक कितीही गडगंज असो, खेळाडूंवर याहून जास्त उधळायचं नाही. संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू. मी कॅल्क्युलेटर काढला. पाच कोटी भागिले पंचवीस, माणशी वीस लाख. कुणावर अन्याय नाही, कुणाचं गाऱ्हाणं नाही. वहीत तक्ता आखून त्याचा फोटो भाचीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "मावशी, 'अ' गटातल्या खेळाडूची बोलीच तीस लाखांपासून सुरू होते. तुझ्या तक्त्याने तुला तोंडसुद्धा उघडता येणार नाही." 'ब' गट वीस लाखांपासून, 'क' तेरा, 'ड' नऊ. तक्ता खोडला.

मग म्हटलं, आधी मोठी नावं हेरू. जुने आकडे चाळताना मजा वाटायला लागली. २०१४ साली ही लीग सुरू झाली तेव्हा सगळ्यांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, पाटण्याने १२ लाख ८० हजारांना घेतलेला. २०१८ मध्ये पहिल्यांदा बोली कोटीला भिडली. आणि २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, म्हणजे अर्ध्याहून जास्त पिशवी एकट्या माणसात. आमच्या कचेरीत असं झालं असतं तर चौकशी बसली असती.

मी मात्र हुशारीने दोन इराणी निवडले. फजल अत्राचली आणि मोहम्मदरेझा शादलुई. दोघंही पकडीतले वाघ, दोघंही आधी पलटणीकडून खेळलेले. वहीत दोघांची नावं लाल शाईने लिहिली आणि भाचीला अभिमानाने फोन केला. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "मावशी, दोघंही डावे कोपरारक्षक आहेत."

"मग?"

"खोलीला दोन डावे कोपरे असतात का?"

तेव्हा समजलं की मैदानात उतरणारे सात जण म्हणजे नुसते सात जण नव्हेत. ढोबळ हिशेब असा: दोन कोपऱ्यांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आत दोन मध्यरक्षक, आणि बाकीचे चढाईपटू किंवा अष्टपैलू. चढाईपटू पलीकडे जाऊन गुण आणतो, बाकीचे येणाऱ्या पाहुण्याला परत जाऊ देत नाहीत. डाव्या बाजूचा माणूस उजवीकडे उभा केला तर त्याचे पाय अडखळतात. मी ते स्वयंपाकघरात उभी राहून करून पाहिलं. उजवा पाय पुढे टाकून काल्पनिक घोटा धरायला गेले आणि ओट्याला धडकले. फजलच्या नावावर काट मारली.

नंतर लक्षात आलं की पलटणीनेही नेमकं हेच केलं होतं. २०२२ च्या मोसमासाठी फजलला १ कोटी ३८ लाखांना आणलं. संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात गेला, जयपूरकडून २९-३३ हरला. एवढं झाल्यावर मी तर फजलला सोडलंच नसतं. त्यांनी सोडला, आणि पुढच्या लिलावात शादलुईला २ कोटी ३५ लाख देऊन त्याच कोपऱ्यात उभं केलं. बाकीचा संघ बहुतेक घरात वाढवलेल्या तरुण पोरांचा, कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, प्रशिक्षक बी. सी. रमेश. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. एक भारी माणूस आणि भोवती स्वस्तातली गुणी पोरं! हे गणित मला दिवाळीच्या फराळासारखं वाटलं. काजूकतली एक पाव, बाकी ताट चिवड्याने भरायचं.

आता 'रिटेन्शन'. म्हणजे राखून ठेवणं; लोणच्याच्या बरणीला लावतो तसलं लेबल. कुणाला ठेवायचं आणि कुणाला लिलावात सोडायचं हे आधी ठरवायचं आणि ठेवलेल्यांचे पैसे पिशवीतून आधीच वजा. मला एकालाही सोडवेना. अस्लम हवाच. पंकज मोहिते हवा, मोहित गोयत हवा. आकाश शिंदेला कसं सोडायचं? आपल्याकडचा मुलगा. असे नऊ जण ठेवले आणि आमच्या खेळातल्या दराने दोन कोटी दहा लाख संपले. खऱ्या पलटणीने त्या वेळी आकाशला सोडलं होतं. भाची म्हणाली, "मावशी, तू कपाट आवरायला बसलीस की एकही साडी बाहेर काढत नाहीस." हे तिला तिच्या आईने सांगितलेलं असणार.

अमेरिकेतल्या भाच्यालाही फोन लावून पाहिला. तो तिथल्या फुटबॉलचा वेडा. २०२५ मध्ये तिकडे एका संघाची पगारमर्यादा जवळपास २८ कोटी डॉलर होती. त्याने 'डेड मनी' समजावलं. एखाद्या खेळाडूला कराराच्या मध्येच काढलं, तर त्याला आधी देऊन टाकलेल्या रकमेचा उरलेला भाग तो गेल्यावरही मर्यादेत मोजला जातो. म्हणजे विकलेल्या स्कूटरचे हप्ते! आपला कबड्डीचा हिशेब त्यामानाने साधा निघाला, तरी मला जमत नव्हता.

शनिवार. दिवाणखान्यात सहा जण आणि बोलीसाठी प्रत्येकाच्या हातात एक झारा. हरियाणाचा संघ शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाकडे. सुरुवातीलाच शादलुईची चिठ्ठी निघाली आणि माझ्यातला हिशेबनीस घर सोडून गेला. एक कोटी, दीड कोटी, एक नव्वद. तो मुलगा शांतपणे झारा वर करायचा, की मी लगेच वर. दोन कोटी पाचला सगळे गप्प झाले. मग भाचीने त्याला विचारलं, "कार्ड वापरतोस?" हे कार्ड 'फायनल बिड मॅच'चं. खेळाडू गेल्या मोसमात ज्या संघात होता, तो संघ शेवटच्या बोलीएवढे पैसे देऊन त्याला परत घेऊ शकतो. मंडईत घासाघीस आपण करायची आणि शेवटी पिशवी शेजारणीने उघडायची, तसं. माझा जीव टांगणीला. मुलगा म्हणाला, "नको. आजी, तुमच्याकडे उरले किती?"

पंच्याऐंशी लाख. दहा माणसं झाली होती, अजून किमान आठ हवी होती. त्यात एका चढाईपटूवर त्रेपन्न लाख घालवले, कारण तोपर्यंत झारा वर करायची सवय लागली होती. उरलेल्या बत्तीस लाखांत 'ड' गटातले तीनच आले. नऊ त्रिक सत्तावीस, आणि पाच लाख हातात, ज्यात कुणीच येत नाही. एकूण चौदा. संघ बाद. हरियाणाच्या मुलाकडे एकोणीस जण होते आणि तो चिवडा खात होता.

खरा लिलाव मी वही घेऊन पाहिला. शादलुईला पलटणीने २०२४ च्या ऑगस्टमध्ये सोडलं होतं; हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं होतं. त्या मोसमात अस्लम जायबंदी झाला, गतविजेती पलटण बाद फेरीलाही पोहोचली नाही, आणि २९ डिसेंबरला आपल्याच बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला ३२-२३ हरवून चषक उचलला. आणि आता, त्या हरियाणानेही त्याला जाऊ दिलं! गुजरातने २ कोटी २३ लाखांना नेला. पोराचं बरोबर होतं. पलटणीने सचिन तन्वरला १ कोटी ५ लाख ८० हजारांना घेतलं. वर्षभरापूर्वी तमिळ थलायवाजने त्याचेच २ कोटी १५ लाख मोजले होते. तोच माणूस, भाव निम्म्याहून कमी. हे पाहून मी पेन खाली ठेवलं.

मला वाटतं, ही मर्यादा जिंकणाऱ्यालाच शिक्षा करते. जिंकलात की तुमच्या पोरांचा भाव चढतो आणि पिशवी तेवढीच राहते. पाटण्याने तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मोसमात लागोपाठ तीनदा चषक जिंकला. त्यानंतर कुणालाही सलग दोनदा जमलेलं नाही. कबड्डी पाहणाऱ्यासाठी हे चांगलंच आहे. पुण्याच्या माणसाला मात्र ते पचत नाही.

पलटण २०२५ च्या मोसमात प्रशिक्षक अजय ठाकूरच्या हाताखाली साखळीत पहिली आली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीतल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. मी तो सामना भाचीकडे पाहिला. पुढच्या खोट्या लिलावात मला संघ मिळणार नाही, हे तिने तिथेच सांगितलं. मला झारे गोळा करायचं काम दिलं आहे.