दगड कोणाला लागला?

मला सिनेमाचे वेड लहानपणापासूनचे. आमचे शिरोळ कोल्हापूर जिल्ह्यात, आणि बाबूराव पेंटरांपासून मराठी सिनेमा वाढला तो कोल्हापुरातच. तेव्हा हे वेड मातीतलेच म्हणायचे! पण मी गाणी नंतर पाहतो. शेवटी आपल्या माणसाचे काय होते, ते आधी पाहतो.

१९३६ च्या ‘अछूत कन्या’त देविकाराणीची कस्तुरी शेवटी रेल्वेखाली मरते. प्रेक्षकांना हळहळ वाटते. पण जीव गेला तो आपल्याच लेकीचा.

बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९) आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. सांभाळणाऱ्या आईला रक्त दिल्यावरच सुजाता तिची खरी मुलगी ठरते. नूतनचे काम पाहून सगळे रडले. माझी आई मात्र म्हणाली, “रगात दिलं नसतं, तर पोरगी न्हवती व्हय?” नूतन मला आजही आवडते, पण आईच्या प्रश्नाचे उत्तर त्या सिनेमात नाही.

२०१४ साली मुलाला घेऊन नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहिला. जब्याचे घरचे डुकरामागे धावत होते, तेव्हा थिएटर हसत होते. खरे सांगतो, मीही हसलो. पुढे त्याच डुकराला घेऊन ते बाबासाहेबांचे चित्र असलेल्या भिंतीजवळून जातात, तेव्हा मान खाली गेली. शेवटी जब्याचा दगड थेट आपल्याच अंगावर येतो.

मुलाने विचारले, “पप्पा, दगड आपल्याला का मारला?”

मी म्हणालो, “मघाशी आपण हसलो ना, म्हणून.”

बंधू-भगिनींनो, हा चित्रपट मुलांसोबत बसून जरूर पाहा.